शेज आणि शेजार

दिवाळी अंकात पाहुण्यांवर लिहायला घेतले, की वाचक म्हणणार, ‘या मास्तरांना यंदाही दुसरा विषय सुचला नाही वाटते!’ पण थोडे थांबा. फराळाच्या ताटाभोवती जमणाऱ्या पाहुण्यांविषयी मी बोलत नाही. मी ज्या पाहुण्याविषयी लिहीत आहे, तो आपल्या घरी येतच नाही. तो आपल्या शेजाऱ्याकडे येतो. पैसे मोजून येतो, दोन रात्री राहतो, सकाळी पोहे खातो आणि निघून जातो. इंग्रजीत या सोयीला ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ म्हणतात. आपल्या पर्यटन महामंडळाने तिला ‘निवास-न्याहारी’ असे नाव दिले आहे, आणि ते मला मनापासून आवडते. सरकारी भाषांतर आवडण्याचे प्रसंग मराठीच्या प्राध्यापकाच्या आयुष्यात फार येत नाहीत, म्हणून ही नोंद.

आता शब्दांचीच गंमत पाहा. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, असे आम्ही वर्गात शिकवतो. हा नवा पाहुणा मात्र तिथी, वार आणि वेळ सांगून, वर आगाऊ पैसे भरून येतो. अतिथीला देव मानावे, असे उपनिषद सांगते. पण देव शेजारच्या घरी उतरला, त्याने आपली मोटार आपल्या फाटकासमोर लावली आणि रात्री बारापर्यंत तो गच्चीवर हसत बसला, तर आपण त्याला काय मानावे, याचा खुलासा उपनिषदात नाही. पाहुणा आणि यजमान या दोघांच्या संबंधावर पोथ्यांवर पोथ्या लिहिल्या गेल्या. तिसऱ्या माणसाला, म्हणजे शेजाऱ्याला, कुणी विचारलेच नाही. तो बिचारा आता सोसायटीच्या सभेत बोलतो.

पैसे घेऊन घरात उतरवून घेणे ही काही कालपरवाची गोष्ट नव्हे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील उपाध्यांच्या वाड्यांत पिढ्यानपिढ्या यात्रेकरू उतरत आले आहेत. माडीवर पथारी पसरायची, विहिरीवर आंघोळ करायची, घरच्या पंक्तीला जेवायचे, निघताना दक्षिणा ठेवायची. उपाध्याच्या वहीत आपल्या खापरपणज्याचे नाव सापडले की गहिवरून यायचे. आणि भाषेचा चमत्कार असा, की उपाध्ये या पैसे देणाऱ्या पाहुण्यालाच ‘यजमान’ म्हणतात! आळीला याची तक्रार नसे. कारण आळीतल्या फूलवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांची चूल त्याच यात्रेवर पेटे. अर्थात सगळे गोडच होते असे नाही. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात पंढरपूरच्या यात्रेबरोबर पटकीची साथ येई, आणि ती यात्रेकरू व गावकरी असा भेद करीत नसे. म्हणजे पाहुणा एकाचा आणि त्रास सर्वांचा, ही तक्रारही जुनीच.

हीच गोष्ट कोकणात वेगळ्या रीतीने घडली. सिंधुदुर्ग जिल्हा 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला; 1998 साली कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळुरूपर्यंत सलग धावू लागली. पुढे रेवदंडा, मुरुड, गुहागर, तारकर्ली अशा गावांतून ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय होईल’ अशा पाट्या नारळी-पोफळीच्या आगरांवर लागत गेल्या. मुलगा मुंबईला, माडीच्या दोन खोल्या रिकाम्या, आणि सुपारीचा भाव आपल्या हातात नाही. अशा घराला या पाटीने मोठा आधार दिला. घरच्या बाईच्या आंबोळीला आणि सोलकढीला पहिल्यांदाच कुणी रोख पैसे मोजले. मोदकांची मागणी जास्त झाली की शेजारणीलाही चार डझन वळायला मिळतात. ज्या वाडीत असे धागे एकमेकांत गुंतलेले असतात, तेथे शेजारी पाहुण्याला रस्ता दाखवायला स्वतः गडग्यापर्यंत येतो.

आणि त्याच गावात, चार घरे टाकून, एक बंगला असतो. त्याचा मालक दूरच्या शहरात. किल्ली एका राखणदाराकडे. शनिवारी रात्री पंधरा-वीस जणांची टोळी उतरते, ध्वनिवर्धक अंगणात येतो. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत तो वाजवू नये, असा केंद्र सरकारचा नियम 2000 सालापासून आहे. पण नियम वाचून दाखवायला समोर कुणी असेल तर ना! राखणदार म्हणतो, ‘साहेबांना फोन करा.’ साहेब फोन उचलत नाहीत. मे महिन्यात शेजारची विहीर तळाला गेलेली असते, आणि बंगल्याच्या तलावात टँकरचे पाणी पडत असते. अशा गावात पाहुणा हा शब्द शिवीसारखा उच्चारला जाऊ लागला, तर दोष कोणाचा?

हा प्रश्न यंदा आमच्या दाराशी आला. पुण्यात आमच्या सोसायटीत चोवीस बिऱ्हाडे. तळमजल्यावरच्या काकूंचे यजमान गेले, मुलगा परदेशी. त्या एक खोली पाहुण्यांना देतात. लातूर-नांदेडकडून रुग्णाला घेऊन आलेले नातेवाईक, मुलीला कॉलेजात घालायला आलेले आईवडील, अशी माणसे त्यांच्याकडे उतरतात. दुसरीकडे तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटचे मालक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात. त्यांच्या दाराला आकड्यांचे कुलूप आहे. पाहुणे येतात, आकडे दाबतात, आत जातात. एकदा रात्री दीड वाजता अशाच पाहुण्यांनी समोरच्या आजोबांची घंटा चार वेळा वाजवली. जिन्यात कचऱ्याच्या पिशव्या राहिल्या. झाले! वार्षिक सभेत ठराव आला : ‘सोसायटीत पैसे घेऊन पाहुणे ठेवण्यास सक्त मनाई करण्यात येत आहे.’

सभेत आक्षेपांचा पाऊस पडला. मी वहीत त्यांची दोन रकान्यांत विभागणी करीत बसलो, मास्तरकीची सवय. पहिल्या रकान्यात पाणी, लिफ्ट, पार्किंग, कचरा, अपरात्रीची घंटा. दुसऱ्यात : ‘कोण कुठले लोक येतात’, ‘कुठल्या जातीचे असतात कोण जाणे’, ‘नवराबायको तरी असतात का’, ‘मासे शिजवतात’. पहिला रकाना शेजाऱ्याचा हक्क आहे. दुसऱ्या रकान्यातल्या चौकशा सभ्य माणसाने आपल्या मनातही फार मोठ्याने करू नयेत. पण गंमत अशी, की सभेत दुसरा रकाना नेहमी पहिल्याच्या पाठीमागे लपून येतो. पाण्याविषयी तावातावाने बोलणारे गृहस्थ थोड्या वेळाने माशांवर येतात.

काकू शेवटी उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, “माझ्याकडे कोण उतरले आहे ते मला ठाऊक असते. सकाळी चहा देताना त्यांचे दुखणेखुपणे मीच ऐकते. त्यांचा त्रास झाला, तर तुम्ही माझी कडी वाजवा. इतक्या वर्षांत कुणाला वाजवावी लागली का?”

सभा गप्प झाली. मला वाटते, या सगळ्या वादाचे मर्म त्या कडीत आहे. शेजाऱ्याला पाहुण्याचे वावडे नसते. रात्री अकरा वाजता कुणाचे दार ठोठवायचे, हे त्याला ठाऊक हवे असते. यजमान घरात असेल तर पाहुणाही आवाज खाली ठेवतो. दुसऱ्याच्या घरात आपण आहोत हे त्याला विसरता येत नाही. यजमान नसला की ते घर राहत नाही, दुकान होते. आणि दुकानाच्या भिंतीला भिंत लावून झोपायचे कुणी कबूल केलेले नसते.

जगभर हीच गोष्ट ओळखली जात आहे. 2007 साली सॅन फ्रान्सिस्कोत घरभाडे भागेना म्हणून दोन मित्रांनी आपल्याच दिवाणखान्यात हवेच्या गाद्या टाकून तीन पाहुणे ठेवले आणि त्यांना न्याहारी दिली. त्यातून ‘एअरबीएनबी’ ही कंपनी निघाली. आरंभी यजमान त्याच छपराखाली होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे व्याप जगभर वाढला, आणि पुष्कळ घरांतून यजमान निघून गेला. न्यूयॉर्क शहराने 2023 च्या सप्टेंबरपासून नियम कसोशीने लावला : तीस दिवसांहून कमी मुदतीचा पाहुणा ठेवायचा असेल तर यजमानाने त्याच घरात राहावे आणि दोघांहून अधिक पाहुणे ठेवू नयेत. बार्सिलोना त्याहून पुढे गेली. प्रवाशांमुळे रहिवाशांना भाड्याची घरे मिळेनात, तेव्हा पर्यटकांच्या सदनिकांचे 10,101 परवाने 2028 च्या नोव्हेंबरपर्यंत संपुष्टात आणण्याचे तिने 2024 साली जाहीर केले. आपल्या केंद्र सरकारच्या निवास-न्याहारी योजनेतही खोल्या एक ते सहा, खाटा फार तर बारा, आणि मालकाने कुटुंबासह तेथेच राहिले पाहिजे, अशी अट घातली गेली.

आणि न्यूयॉर्कला तरी कशाला जावे? आमच्या सोसायट्यांत ‘बिनभोगवटा शुल्क’ नावाची जी वस्तू आहे, ती काय सांगते? जो मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो, त्याच्याकडून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत जास्त रक्कम घेता येते. ही मर्यादा शासनाने 2001 साली घालून दिली. म्हणजे राहणारा मालक आणि न राहणारा मालक हा भेद आपल्या कायद्याला केव्हाच कळला आहे.

म्हणून मी उपसूचना मांडली : मालक त्याच घरात राहत असेल तर त्याने पाहुणे ठेवावेत, एका वेळी दोन, नावे फाटकावरच्या वहीत लिहून. तिसऱ्या मजल्याचे मालक माझ्याकडे पाहून म्हणाले, “सर, माझ्या कर्जाचे हप्ते तुम्ही भरणार का?” त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. वर्षाच्या कराराने कुटुंब ठेवले तर पाहुण्यांपेक्षा कमी पैसे मिळतात, हे खरेच आहे. पण त्या कुटुंबाची मुले आमच्या अंगणात खेळतील, त्यांची आई आमच्याकडे विरजण मागायला येईल, आणि मालकांना मिळणाऱ्या जास्तीच्या रकमेचा भार आज समोरचे आजोबा आपल्या झोपेतून भरीत आहेत, एवढेच मी म्हणालो. उपसूचना तेरा विरुद्ध नऊ मतांनी संमत झाली. मालक रागावून निघून गेले. दुसऱ्या दिवशी जिन्यात त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. शेजार राखण्याच्या कामात एक शेजारी दुरावला, हा हिशेबही मला मांडलाच पाहिजे.

शेज आणि शेजार हे शब्द कानाला किती जवळचे! शेज एका रात्रीपुरती भाड्याने देता येते. तिच्या भोवतीचा शेजार मात्र देणाऱ्याच्या एकट्याच्या मालकीचा नसतो.

वाचकहो, दिवाळीच्या सुटीत आपल्यापैकी पुष्कळ जण कोकणात जातील. पाटी वाचून आत शिरण्यापूर्वी घरात यजमान आहेत ना, एवढे पाहून घ्या. मोटार लावताना समोरच्या बेड्यातून बैलगाडी निघेल की नाही ते बघा. आंघोळीला पाणी घेताना विहिरीत डोकावा. आणि निघताना शेजारच्या ओटीवर बसलेल्या म्हातारबांनाही ‘येतो, आजोबा’ असे म्हणून निघा. ते फक्त मान हलवतील. पण पुढच्या खेपेला तुम्ही गेलात, तर तुमच्या यजमानांना आपल्या पाटीबद्दल कुणाजवळ खुलासा करावा लागणार नाही.