कांदा नको, पण वासरू चालतं?



आजचं लिहिणं काहीजणींना झोंबेल. मला आधी झोंबलं, म्हणून लिहितेय.

लेकीकडे न्यू जर्सीला गेले होते. तिच्या घराजवळ हडसन नदीच्या काठी होबोकन नावाचं गाव आहे, पलीकडे न्यूयॉर्क. १८८० नंतरच्या चाळीसेक वर्षांत दक्षिण इटलीतून लाखो माणसं अमेरिकेत आली, त्यातली बरीच अशा गावांत राहिली. त्यांची जुनी दुकानं अजून आहेत. त्यांना डेली म्हणतात. चीज, ऑलिव्ह, पाव, सगळं एका छताखाली, आणि हो, टांगलेलं मांससुद्धा. तिथलं ताजं मोझरेला चीज घालून केलेलं सँडविच प्रसिद्ध आहे.

शनिवारी दुपारी आम्ही समाजातल्या चौघीजणी तिथे गेलो. रांग फुटपाथवर आलेली. नंबराची चिठ्ठी हातात, काउंटरवरचा माणूस नंबर पुकारतोय, कोणाला बोलायलाही फुरसत नाही.

पहिलीने सांगितलं, "मांस नको, बाकी काहीही घाला." दुसरीने जमिनीखाली काय उगवतं, आपण ते का खात नाही, इथपासून सुरुवात केली. मागची माणसं चुळबुळायला लागली, आणि शेवटी त्या माणसाने पावात सॅलडची पानं घालून तिच्या हातात दिली. तिसरी बाहेरच उभी राहिली, पिशवीतला खाकरा खात. "मी असल्या दुकानाची पायरी चढत नाही." आणि मी? मी पहिलीचंच म्हटलं, फक्त "कांदा-लसूण नको" एवढं ठासून जोडलं. प्रोव्होलोन चीज, वर पार्मिजानो किसून. धर्म सांभाळल्याच्या समाधानात घरी घेऊन आले.

अकरा वर्षांच्या नातीने कागद उलगडला आणि म्हणाली, "आजी, हे चीज वासराच्या पोटातल्या रसाने करतात. कांदा नको, पण वासरू चालतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता जे खरं आहे ते सांगते. दुधाचं चीज व्हायला ते घट्ट व्हावं लागतं. त्यासाठी रेनेट वापरतात. पारंपरिक रेनेट दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरातून काढतात, म्हणजे वासरू मारल्यावरच. इटलीहून येणारं खरं पार्मिजानो रेज्जानो नियमाप्रमाणे वासराच्याच रेनेटचं असतं. पेकोरिनो रोमानोला कोकराचं रेनेट लागतं. ग्राना पादानोत तर अंड्यातून काढलेलं लायसोझाइमही घालतात. दुसऱ्या बाजूला, अमेरिकेत १९९० पासून प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेतलेलं रेनेट वापरायला परवानगी आहे आणि तिथलं बरंचसं चीज आता त्याच्यावर होतं. म्हणजे एकाच काउंटरवर दोन्ही प्रकार शेजारी शेजारी. दिसायला सारखे. पाकिटावर मात्र बहुतेक वेळा फक्त 'एन्झाइम्स' एवढाच शब्द.

मग विचारल्याशिवाय कसं कळणार? आणि आपण विचारत नाही. माझी तक्रार हीच आहे. लग्नाच्या पंगतीत भाजीत बटाटा दिसला की आपण यजमानीणबाईंना चार शब्द सुनावतो. पण पिझ्झावरचं चीज कुठून आलं, हे वर्षानुवर्षं कोणी विचारलंय? जे डोळ्यांना दिसतं त्याचा कडक हिशोब आणि जे दिसत नाही ते खात्यावरच धरायचं नाही! मी कॉमर्सची पदवीधर आहे. असा ताळेबंद कोणी दाखवला असता तर मी सहीच केली नसती.

खाकरावालीलाही सांगते. जिचा बाहेरचं न खाण्याचा नियम आहे, तिला माझा नमस्कार. पण पुण्यात हॉटेलात चीज-टोस्ट मागवायचा आणि परदेशात दाराबाहेर उभं राहून इतरांना हिणवायचं, हा नियम नाही, हा दिखावा आहे.

आणि व्याख्यान देणारीलाही. मुनिराजांच्या आहाराला शेहेचाळीस दोष टाळायचे असतात, तरी ते श्रावकाच्या दारात भाषण देत नाहीत. भ्रामरी वृत्ती म्हणतात ना, भुंगा फुलाला इजा न करता रस घेतो, तसं दात्याला भार न होता घ्यायचं. एषणा समिती म्हणजे शुद्ध काय ते पारखणं, भाषा समिती म्हणजे मोजकं आणि खरं बोलणं. त्या गर्दीच्या दुकानात मला या दोन्ही आठवायला हव्या होत्या.

पुढच्या मंगळवारी सकाळी दहाला, दुकान रिकामं असताना, नातीला घेऊन पुन्हा गेले. ताजं मोझरेला कशापासून करता, विचारलं. मालक हसला. म्हणाला, घट्ट झालेल्या दुधाचे गोळे पेट्यांतून विकत येतात, आम्ही गरम पाण्यात ताणून मोझरेला करतो. त्याने पेटी आणून दाखवली. रेनेट सूक्ष्मजीवांचं होतं. पावात चरबी नाही, तेही सांगितलं. त्याला राग आला नाही, उलट कोणी इतक्या आस्थेने विचारतंय याचं त्याला कौतुक वाटलं.

त्याच्याकडूनच शिकलेलं तुम्हाला देते. चौकशी गर्दी नसताना करा. रांगेत असताना फळा वाचून ठरवा आणि नंबर आला की एका दमात सांगा: पाव, ताजं मोझरेला, टोमॅटो, तुळशीच्या जातीची ती बेझिलची पानं, ऑलिव्ह तेल, मीठ. पेस्टो नको, त्यात लसूण आणि चीज दोन्ही असतं. मेयोनीज नको, अंडं असतं. भाजलेली लाल मिरची बहुधा लसणात मुरवलेली असते, तीही नको. यंत्रावर कापलेलं चीज नको, कारण त्याच पात्याने मांस कापतात. ताजं मोझरेला सुरीने कापतात, म्हणून धुतलेली सुरी, नवे हातमोजे आणि स्वच्छ कागद मागा. गरम करायला देऊ नका, त्या तव्यावर सगळंच दाबलेलं असतं. सगळं सांगायला अर्धं मिनिटही लागत नाही.

ते सँडविच आम्ही दोघींनी नदीकाठच्या बाकावर बसून खाल्लं. पावाची कड कुरकुरीत, आत चीजमधून दूध पाझरतंय, तेलाचा हिरवट वास. इतकं चांगलं सँडविच मी त्याआधी खाल्लं नव्हतं. नात म्हणाली, "आजी, आता उत्तर आहे ना तुझ्याकडे?"

मैत्रिणींनो, आपली मुलं-नातवंडं धर्म सोडतात असं आपण म्हणतो. ती धर्म सोडत नाहीत, आपली अर्धवट उत्तरं सोडतात. त्यांच्यासमोर टिकायचं असेल तर पुढच्या वेळी चीज तोंडात घालण्याआधी एक प्रश्न विचारा. होबोकनमध्ये असा, नाहीतर आपल्या गल्लीतल्या पिझ्झाच्या दुकानात.

कोणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. पण म्हणणं मागे घेत नाही.