मोजलं म्हणून कळलं

आई-बाबा भारतातून आले की नायगारा होतो, डिस्नी होतं, आणि मग ठरते अलास्काची क्रूझ. आम्हीही गेलो. दिवसातून चारदा जेवलो, हिमनद्यांचे फोटो काढले. "एवढ्या माणसांचं सांडपाणी जातं कुठे रे?" हा प्रश्न मात्र आईलाच पडला!

घरी आल्यावर शोधलं. सरकारच्या पर्यावरण संस्थेचा २००८ चा अहवाल सांगतो: एका जहाजातून रोज सरासरी २१,००० गॅलन मैलापाणी आणि १,७०,००० गॅलन न्हाणीघर-स्वयंपाकघराचं पाणी निघतं. जहाजांवर शुद्धीकरणाची यंत्रं होतीच. पण २००० साली अलास्कात नमुने तपासले, तेव्हा जंतू मर्यादेच्या कितीतरी पट निघाले. २००१ मध्ये राज्यानं कायदा केला, नवी यंत्रं बसली, पाणी सुधारलं.

२००६ मध्ये तिथल्या मतदारांनी जहाजांवर स्वतंत्र निरीक्षक नेमायला लावले. त्यांना 'ओशन रेंजर' म्हणत. खर्च बर्थमागे चार डॉलर. २०१९ मध्ये गव्हर्नरांनी तो निधी कापला. आणि जहाजावर डोळस माणूस लागतोच! २०१६ मध्ये प्रिन्सेस कंपनीनं तेलकट पाणी चोरून समुद्रात सोडल्याचा गुन्हा कबूल केला, चार कोटी डॉलर दंड झाला. ते उघडकीला आणलं होतं जहाजावरच्याच एका नव्या इंजिनियरनं.

हे सगळं आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "चार डॉलर? अरे, तुम्ही तर कॉफीलाच त्याहून जास्त दिलेत!"