आठ ते बाराचा हट्ट

जिममध्ये नाव घातले की पहिल्याच दिवशी हाती एक तक्ता येतो. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे. प्रत्येक व्यायामाचे तीन सेट, रेप्स बारा-दहा-आठ. अठरा वर्षांच्या मुलाला तोच तक्ता, गुडघे दुखणाऱ्या पन्नाशीच्या बाईंनाही तोच, आणि सहा महिन्यांनी पाहावे तर तेव्हाही तोच. स्नायू वाढवायचे तर रेप्स आठ ते बाराच हव्यात. कमी केल्या तर नुसती ताकद वाढते, जास्त केल्या तर नुसता दम, असे ट्रेनर ठामपणे सांगतात. हे सांगणे आता थांबायला हवे.

दहा रेप्सचे तीन सेट जगभर रूढ झाले त्याचे बरेचसे श्रेय थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरकडे जाते. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या पायांत पुन्हा बळ यावे म्हणून त्याने शिकागोच्या लष्करी रुग्णालयात त्यांना जड वजने उचलायला लावली. १९४५ साली त्याने ही पद्धत प्रसिद्ध केली तेव्हा सेट सात ते दहा होते. तीनच वर्षांत आर्थर वॉटकिन्सच्या सोबतीने त्याने ते तीनवर आणले: दहा वेळा जेमतेम उचलता येईल असे वजन शोधायचे, पहिला सेट त्याच्या निम्म्याने, दुसरा पाऊण वजनाने, तिसरा पूर्ण वजनाने. पण या पद्धतीचा प्राण दहाच्या आकड्यात नव्हता. रुग्णाची ताकद पुन्हा पुन्हा मोजायची आणि त्या मापाने वजन चढवत न्यायचे, यात तो होता. आपल्या जिमनी आकडा उचलला आणि मोजणे सोडून दिले.

आकड्याचा दरारा तर संशोधनानेच उतरवला आहे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात २०१६ साली ४९ सराव असलेल्या तरुणांवर १२ आठवडे प्रयोग झाला. एका गटाने जड वजनाने ८ ते १२ रेप्स केल्या, दुसऱ्याने हलक्या वजनाने २० ते २५. स्नायूंची वाढ दोन्हीकडे जवळपास सारखीच निघाली. अट एकच होती, सेट दमसास संपेपर्यंत न्यायचा. त्यामागचे कारण सरळ आहे. वजन हलके असले की शरीर आधी स्नायूंचे छोटे तंतू कामाला लावते. ते थकू लागले की मोठे, जास्त वाढू शकणारे तंतू ओढले जातात. म्हणजे खरा लाभ शेवटच्या चार-पाच कष्टाच्या रेप्समध्ये असतो. बारा मोजून झाल्या म्हणून अंगात आणखी दहांचा जोर शिल्लक असताना डंबेल खाली ठेवणाऱ्याला तो मिळत नाही. अर्थात हलकेपणालाही सीमा आहे. एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या वीस टक्क्यांवर उतरलात, तर वाढ मागे पडते.

मग पाचपासून तीसपर्यंत सगळेच चालत असेल, तर आखणी कशाला करायची? कारण प्रत्येक रेंजची किंमत वेगळी असते. ब्रॅड शोएनफेल्ड यांच्या २०१४ सालच्या प्रयोगात तीन रेप्सचे सात सेट आणि दहा रेप्सचे तीन सेट यांनी स्नायू सारखेच वाढले. जड गटाची ताकद जास्त वाढली हे खरे, पण दहा रेप्सवाल्यांचे काम सतराएक मिनिटांत उरकत होते आणि जड गटाला तासाहून अधिक वेळ लागत होता, वर सांध्यांची कुरकुर वेगळी. ज्याला स्पर्धेत वजन उचलायचे नाही त्याने हा भुर्दंड का सोसावा? उलट टोकाला, स्क्वॉटच्या पंचवीस रेप्स करू पाहणाऱ्याची छाती मांड्यांच्या आधी भरून येते. म्हणून स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस यांना सहा ते दहा शोभतात. रोइंग आणि मशीनवरच्या व्यायामांना आठ ते पंधरा. खांद्यांच्या बाजूच्या स्नायूंसाठी डंबेल कडेने वर नेताना सहा रेप्सचे वजन घेतले तर खांदा कमी आणि कंबरेचा झोकाच जास्त काम करतो. तिथे बारा ते वीस हव्यात. पोटऱ्यांनाही तशाच. ज्या बाईंचा गुडघा दुखतो, त्यांना हलके वजन आणि वीस-पंचवीस रेप्स देणे म्हणजे दुय्यम व्यायाम देणे नव्हे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

आठ आठवड्यांचे चक्र आखायला एक वही पुरते. डंबेल प्रेससाठी आठ ते बारा ठरवले असेल, तर तिन्ही सेटमध्ये बारा पूर्ण होईपर्यंत वजन तेच ठेवायचे. झाल्या की सर्वांत लहान टप्प्याने चढवायचे आणि पुन्हा आठपासून सुरुवात. सुरुवातीचे आठवडे दोन-तीन रेप्स हातच्या राखाव्यात, पुढे एक. बारबेल छातीवर घेऊन एकट्याने शेवटचा दम काढायला जाऊ नये. आकडे अडले, सांधे बोलू लागले की एक आठवडा सेट निम्मे करावेत. एका स्नायूगटाला आठवड्याला दहाएक सेट मिळाले की बहुतेकांचे भागते. रेप्स महिन्यागणिक बदलाव्यात की रोज, यावर ट्रेनरांमध्ये हिरिरीने वाद होतात, पण स्नायूंच्या वाढीत या दोहोंत सांगण्याजोगा फरक आढळलेला नाही. असली चक्रे सोव्हिएत रशियात लेव्ह मत्वेयेव यांनी मांडली ती स्पर्धेच्या नेमक्या दिवशी खेळाडू शिखरावर असावा म्हणून. ऑफिस सुटल्यावर जिममध्ये येणाऱ्याला असा कोणताही दिवस गाठायचा नसतो.

फी घेणाऱ्या जिमने प्रत्येक सभासदाची नोंद ठेवणे हे तिचे कर्तव्यच आहे. आरसे आणि संगीत यांच्या आधी ते यायला हवे. तेव्हा वाचकहो, उद्या आपल्या ट्रेनरला एवढेच विचारा: महिन्यापूर्वी मी कोणते वजन किती वेळा उचलत होतो? त्याला सांगता आले नाही, तर एक वही विकत घ्या आणि पुढच्या सेटपासून स्वतः लिहायला लागा.