शब्दविचार : क्रेडिट

व्यापारी घरात दिवसातून अनेकदा कानी पडणारा इंग्रजी शब्द म्हणजे ‘क्रेडिट’. पेढीवर ‘माल क्रेडिटवर दिला’ म्हटले की अर्थ होतो उधारी. बँकेकडून ‘रक्कम क्रेडिट झाली’ असा संदेश आला की अर्थ होतो जमा. उधार आणि जमा एकाच शब्दात कसे नांदतात?

या शब्दाचे मूळ लॅटिन क्रियापद ‘क्रेदेरे’, म्हणजे विश्वास ठेवणे. ‘क्रेडिटर’ म्हणजे ज्याने विश्वास ठेवला तो. मराठीने त्याला धनको म्हटले आणि नजर धनावर ठेवली. मात्र आपल्याकडे ‘पत’ हा शब्द आहे, आणि क्रेडिटचा आत्मा त्यातच अधिक उतरला आहे. पैसा गेला तरी पत राहू शकते, हे बाजारातील जुन्या पेढ्यांना सांगावे लागत नाही.

विश्वासाचा हा धागा धरला की बँकेचे कोडेही सुटते. पासबुक ही बँकेच्या वहीतील खात्याची प्रत असते. त्या वहीत ठेवीदार हा विश्वास ठेवणारा आणि त्याची ठेव हे बँकेचे देणे, म्हणून रक्कम त्याच्या खाती जमा. ठेवीदाराच्या स्वतःच्या खतावणीत मात्र तीच रक्कम बँकेच्या नावे पडते. नवशिके मुनीम अडखळतात ते येथेच.

२०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराने तर दोन्ही अर्थ एकमेकांत गुंफले. क्रेडिटवर घेतलेल्या मालाची किंमत करासह १८० दिवसांत चुकती केली नाही, तर खरेदीवर घेतलेले कराचे क्रेडिट व्याजासह परत करावे लागते.

कायदा दिवस मोजतो. शास्त्र त्याच्या पुढे जाते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील एक न्यासापहार. आचार्य पूज्यपादांच्या ‘सर्वार्थसिद्धी’ टीकेत त्याचे स्पष्टीकरण असे : ठेव ठेवणारा आकडा विसरला, त्याने कमी मागितले, आणि ठेव सांभाळणाऱ्याने ‘बरोबर आहे’ म्हणून तेवढेच दिले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की हा दोष अचौर्याखाली नव्हे, सत्याखाली येतो. येथे हात काहीच उचलत नाही, दोष वाणीचा आहे.

वर्षअखेरीस पुरवठादाराचे शिल्लक कळविणारे पत्र येते. समजा, आपल्या खतावणीत त्याचे ८२,००० रुपये निघतात आणि पत्रात ७२,००० लिहिले आहेत, कारण एक बिल त्याच्या नोंदीतून सुटले आहे. पत्राखाली ‘वरील शिल्लक मान्य’ असे छापलेले असते आणि सहीसाठी जागा मोकळी असते. सुटलेल्या बिलाची प्रत जोडून उत्तर धाडण्यास पाच मिनिटे पुरतात.