दोन आठवड्यांचे मायबाप

परोपकारालाही आता सहलीचे रूप आले आहे. पाश्चात्त्य देशांतील कुटुंबेच्या कुटुंबे चर्चच्या वतीने सुट्टीत परदेशी निघतात. सोबत शाळकरी मुले आणि खेळण्यांनी भरलेल्या बॅगा असतात. आशिया किंवा आफ्रिकेतील एखाद्या अनाथाश्रमात दहा-पंधरा दिवस राहायचे, भिंती रंगवायच्या, गाणी शिकवायची, मांडीवर लेकरू घेऊन छायाचित्रे काढायची आणि डोळे पुसत परतीच्या विमानात बसायचे. या कुटुंबांच्या मनात कपट असते, असे नव्हे. पण जे लेकरू एकदा आईबापांच्या मायेला मुकले, त्याला दर सुट्टीत नव्या माणसाचा लळा लावायचा आणि दर वेळी तो तोडायचा, याला सेवा कसे म्हणायचे?

सद्हेतू आंधळा झाला की काय होते, हे जगाने हैतीमध्ये पाहिले. जानेवारी २०१० मधील भीषण भूकंपानंतर अवघ्या काही दिवसांत १० अमेरिकी मिशनरी स्वयंसेवक ३३ मुलांना सीमेपार नेताना पकडले गेले. ती 'अनाथ' मुले होती, असा त्यांचा दावा होता. चौकशीत उघड झाले की, बहुतेकांचे आईबाप जिवंत होते. चांगल्या शिक्षणाच्या आश्वासनावर गरिबांनी आपली लेकरे परक्यांच्या हाती सोपवली होती. गरिबी म्हणजे अनाथपण नव्हे, हा साधा विवेक तिथे हरवला होता. अनाथाश्रमांतील अशा स्वयंसेवेतून मुलांना होणाऱ्या हानीची दखल पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेलाही २०१९ च्या ठरावात घ्यावी लागली.

पुण्याला हा प्रश्न नवा नाही. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी पुण्यात आले. त्याचा आर्थिक आधार होता बोस्टनमध्ये स्थापन झालेली रमाबाई असोसिएशन. तेथील शिक्षण धर्मनिरपेक्ष राहील, या भरवशावर न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार म्हणून आपले नाव दिले होते. १८९३ मध्ये मुलींच्या धर्मांतराचा वाद पेटला, 'केसरी'ने रान उठवले आणि या सल्लागारांनी संस्थेशी असलेला संबंध तोडला. आपण कोणावरही बळजबरी केली नाही, असे रमाबाईंचे म्हणणे होते. परंतु ज्याला जाण्यासाठी दुसरे दारच नाही, त्याच्या संमतीला कितीसा अर्थ उरतो? निराधाराच्या ताटाला कोणत्याही श्रद्धेची अट असू नये, मग ते ताट कोणीही वाढलेले असो.

तथापि, इतिहास अर्धाच वाचणे हाही अन्याय आहे. दुष्काळातील मुलींना रमाबाईंनी केडगावला आसरा दिला आणि १९२२ मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत त्या तिथेच राहिल्या. त्या पंधरा दिवसांच्या पाहुण्या नव्हत्या, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य केले पाहिजे. आणि पुण्याने त्यांना दिलेले खरे उत्तर अग्रलेखांतून आलेच नाही. ते दिले फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्वे यांनी. त्यांच्या पत्नी आनंदीबाई याच शारदासदनाच्या आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी एक. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला. महाविद्यालयातील तास संपले की ते पायी हिंगण्याला जात. पाऊस असो, चिखल असो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वाट. ज्यांनी त्यांना वाळीत टाकले, त्याच समाजाच्या दारोदारी ते वर्गणी मागत फिरले. ती झोपडी पुढे एक मोठी शिक्षणसंस्था झाली.

हीच परंपरा शंभर वर्षांनी पुन्हा दिसली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची भूमी हादरली. मदतीचे ट्रक रांगेने गेले आणि रिकामे होऊन परतले. परंतु शांतिलाल मुथ्था आणि भारतीय जैन संघटना यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुले पुण्यात आणली आणि वर्षानुवर्षे त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी निभावली. ब्लँकेट वाटणे आणि लेकरू वाढवणे, यांत हाच फरक आहे.

म्हणून परदेशी मिशनच्या सहलींवर बोट रोखताना आपल्याकडेही पाहिले पाहिजे. वाढदिवसाला केक घेऊन आश्रमात जायचे, मुलांना रांगेत बसवायचे, टाळ्या वाजवून घ्यायच्या आणि छायाचित्रे टिपून परतायचे, ही प्रथा पुण्याच्या सुखवस्तू घरांत रूढ झाली आहे. परदेशी स्थायिक झालेली मुले डिसेंबरात येतात, तीही नातवंडांना 'संस्कार व्हावेत' म्हणून तिथे घेऊन जातात. अनाथ बालक म्हणजे आपल्या मुलांच्या संस्कारवर्गाचे साहित्य आहे काय? मिशनरी करतो तो देखावा आणि आपण करतो ती सेवा, असा दुहेरी मापदंड चालणार नाही.

ज्यांना खरोखर काही करायचे आहे, त्यांच्यासाठी वाट मोकळी आहे. मूल आईजवळ, आजीजवळ राहू शकेल, यासाठी त्या घराला दरमहा हात द्यावा. बालन्याय कायद्याने मान्य केलेले प्रतिपालकत्व स्वीकारावे. दर शनिवारी एकाच मुलाचे गणित घ्यावे आणि ते मूल दहावी होईपर्यंत एकही शनिवार चुकवू नये. यात छायाचित्र निघणार नाही, विमानही लागणार नाही. हिंगण्याच्या वाटेवर कर्व्यांच्या पायांना लागलेला चिखल मात्र लागेल. तो लावून घेण्याची तयारी नसेल, तर मिशनऱ्यांवर टीका करण्याचा अधिकारही आपण गमावला आहे, असेच म्हणावे लागेल.