द्राक्षाचा माग लागतो, मजुराचा का नाही?

तासगावच्या शिवारातून युरोपात जाणाऱ्या द्राक्षाच्या पेटीची जन्मकहाणी संगणकात नोंदलेली असते. ती कोणत्या गावच्या कोणत्या नोंदणीकृत बागेतली, औषधांचा अंश किती निघाला, तपासणी कोणत्या प्रयोगशाळेने केली, हा सारा तपशील 'अपेडा' या केंद्रीय प्राधिकरणाने 2006 साली सुरू केलेल्या 'ग्रेपनेट' प्रणालीतून मिळतो. 2010 साली क्लोरमेक्वाट या रसायनाचे अंश सापडल्याने युरोपने भारतीय द्राक्षे नाकारली, तेव्हा तपासणीच्या यादीत त्या रसायनाची भर पडली. ग्राहकाच्या आरोग्याची ही काळजी रास्तच आहे. परंतु त्याच बागेत फवारणी करणाऱ्या मजुराच्या रक्तात काय उतरले, विरळणी आणि डिपिंग करणाऱ्या बायकांच्या प्रकृतीचे काय झाले, याची अशी नोंद ठेवणारी यंत्रणा कोठे आहे? फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांची बाधा रक्तातील कोलिनएस्टरेजच्या तपासणीने कळू शकते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली, तेव्हा कोठे शासन खडबडून जागे झाले.

ऊसतोड कामगारांची गत याहून बिकट आहे. गरोदर स्त्रीची नोंद बीडकडील उपकेंद्राच्या रजिस्टरात पडून राहते आणि ती स्वतः सांगली जिल्ह्यातील फडावर कोयता चालवीत असते. 2019 च्या पाहणीत बीड जिल्ह्यातील सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढल्याचे उघड झाले. या शस्त्रक्रिया एका दिवसात झालेल्या नव्हत्या. त्यांच्या नोंदी वेळच्या वेळी कोणी एकत्र वाचल्या असत्या, तर हा अनर्थ कितीतरी आधी ध्यानात आला असता.

म्हणूनच आरोग्याच्या क्षेत्रातील संगणकाला सरसकट विरोध करणे हे पुरोगामीपणाचे लक्षण नव्हे. 2019 साली सुरू झालेल्या 'ई-संजीवनी'मुळे उपकेंद्रात बसलेल्या रुग्णाला दूरच्या डॉक्टरचा सल्ला मिळू शकतो. 27 सप्टेंबर 2021 रोजी देशभर सुरू झालेल्या डिजिटल मिशनचा 14 अंकी 'आभा' क्रमांक मजुराबरोबर फडापर्यंत गेला, तर त्या स्त्रीला प्रत्येक ठिकाणी आपली कहाणी पहिल्यापासून सांगावी लागणार नाही. श्रीमंताची फाईल त्याचा डॉक्टर सांभाळतो. गरिबाची फाईल सार्वजनिक यंत्रणेनेच सांभाळली पाहिजे.

मात्र आजवरचा अनुभव सावध करणारा आहे. 18 ते 44 वयोगटाची लस केवळ 'कोविन'वरील नोंदणीवर अवलंबून ठेवली, तर साधनहीन लोक वगळले जातील, असा इशारा सर्वोच्च न्यायालयाला 2021 च्या मे महिन्यात द्यावा लागला. त्याच वर्षी राज्यातील अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट मोबाइल शासनाला परत केले. 'पोषण ट्रॅकर'मध्ये इंग्रजीतून माहिती भरण्याची सक्तीही त्यांना मान्य नव्हती. विषमता मोजण्याचे काम ज्यांच्यावर सोपवायचे, त्यांनाच तुटपुंज्या मानधनावर राबवायचे, हा या योजनांमधील मूळ विसंवाद आहे.

नोंदीचे मोल तिच्या मागून होणाऱ्या कृतीत असते. 1990 च्या दशकात गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकविले. त्यांच्या नोंदी कागदावरच्याच होत्या, परंतु नोंद करणारीच घरी जाऊन बाळावर उपचार करीत होती. तेथील नवजात बालकांचा मृत्युदर निम्म्याहून अधिक घटला. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरची जागा रिकामी, औषधांचे कपाट रिकामे आणि टेबलावर संगणक मात्र चालू, अशी व्यवस्था फक्त अहवाल निर्माण करील.

आणखी एक धोका आहे. आजाराची माहिती आज बाजारात विकाऊ माल झाली आहे. विमा कंपनीला, मुकादमाला वा मालकाला ती मिळाली, तर विषबाधा झालेल्या मजुराला बागेत पुन्हा कोण उभे करील? 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने शासकीय यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे ठेवला आहे. तेव्हा रुग्णाच्या संमतीचा प्रश्न निव्वळ तांत्रिक म्हणून सोडून देता येणार नाही.

कार्यकर्त्यांनी तालुक्या-तालुक्यांतून काही मागण्या नेटाने लावून धरल्या पाहिजेत. फवारणी मजुरांची हंगामापूर्वी आणि हंगामानंतर मोफत रक्ततपासणी व्हावी. ऊसतोड स्त्रियांच्या नोंदी कारखान्याच्या तळावरील आरोग्यसेविकेला त्यांच्या संमतीने मराठीत उपलब्ध व्हाव्यात. 'आभा' क्रमांक नाही म्हणून कोणालाही उपचार नाकारले जाऊ नयेत. आशा आणि अंगणवाडी सेविकांना या कामाचा वेगळा मोबदला मिळावा. गावाच्या आरोग्याची एकत्रित आकडेवारी, कोणाचेही नाव न देता, ग्रामसभेपुढे वाचली जावी.

3 सप्टेंबर 1942 रोजी याच भागातील शेतकऱ्यांनी तासगावच्या कचेरीवर मोर्चा नेला, तो कचेरी रयतेची आहे हे बजावण्यासाठी. आज कचेरीचे दप्तर संगणकात गेले आहे. त्यावरील रयतेचा हक्क मात्र पुन्हा नव्याने बजावावा लागणार आहे.