औषधाच्या पेटीला अट कशाला?

घोडेगाव सोडून डिंभे धरणाच्या कडेने आहुप्याच्या दिशेने निघाले, किंवा जुन्नरहून आपटाळेमार्गे नाणेघाटाकडे वळले, की महादेव कोळी बांधवांची गावे लागतात. पावसाळ्यात भात, उन्हाळ्यात बाळहिरडा आणि उरलेले दिवस बागायती पट्ट्यात मजुरी, असे येथील वर्ष. भीमाशंकर त्यांचा, वरसूबाई त्यांची. अशा गावात उद्या कोणी परदेशी ख्रिस्ती मनुष्य औषधांची पेटी घेऊन आला, तर आपण काय करावे? आपल्यातील काहींचे उत्तर तयार असते : हाकलून द्या. पुरोगामी मंडळींचेही तयार असते : सेवा करतो ना, मग धर्माचे काय विचारता? प्रस्तुत लेखकाला दोन्ही उत्तरे अमान्य आहेत.

परका आला म्हणून दार लावण्याची या भूमीची रीत नाही. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेख पाहावेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी खोदवून दिली. चित नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. दान येथल्याच संघाला, आणि लेखही येथल्याच प्राकृतात.

अलीकडचे उदाहरण पुण्यातून सुरू होते. ऑक्सफर्डमध्ये शिकलेला व्हेरियर एल्विन हा तरुण धर्मोपदेशक १९२७ मध्ये ख्रिस्त सेवा संघाबरोबर पुण्यास आला. १९२८ मध्ये साबरमतीला गांधीजींना भेटला आणि त्याची दिशा बदलली. १९३२ मध्ये शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती सहकाऱ्यासह तो मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे गोंडांमध्ये जाऊन राहिला. शाळा, दवाखाना, पुढे कुष्ठरोग्यांसाठी निवारा. प्रार्थना होई, पण ती त्यांची स्वतःची. गोंडांना ख्रिस्ती करावयाचे नाही, हे त्याने ठरविले होते. नागपूरच्या बिशपांनी त्याला धर्मोपदेशकाचा परवाना नाकारला. त्यात त्याच्या काँग्रेसप्रेमाचाही भाग होता हे खरे. पण मुख्य अडचण धर्मप्रचार न करण्याचीच होती. १९३५ मध्ये एल्विनने चर्च सोडले. रुग्णाच्या जखमा धुणारा माणूस चर्चला अपुरा का वाटावा, याचे उत्तर सेवेचे गोडवे गाणाऱ्यांनी द्यावे.

एल्विन काही आपला माणूस नव्हे. वनवासींना इतर समाजापासून वेगळे राखण्याच्या त्याच्या विचारावर डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३ च्या ग्रंथात कठोर टीका केली आणि वनवासी हे मागे राहिलेले हिंदूच आहेत, असे मांडले. आम्ही निःसंशय घुर्ये यांच्या बाजूचे. एल्विनच्या वैवाहिक वर्तनाचेही समर्थन करता येणार नाही. तरीही त्याने दुखण्याचा भाव केला नाही, एवढे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

आमचा आक्षेप ख्रिस्तावरील श्रद्धेला नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो विचारांती. घरच्यांना दुःख झाले, समाजाला राग आला. पण त्यांना कोणी गोळी देऊन विकत घेतले, असे कोणी म्हणणार नाही. आक्षेप आहे तो आजारी बाळाच्या आईला औषधाबरोबर अट सांगण्याला. मध्य प्रदेश शासनाने नेमलेल्या न्या. भवानीशंकर नियोगी समितीचा १९५६ चा अहवाल या अटींविषयीच्या तक्रारींनी भरलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये रेव्ह. स्टेनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले की, प्रचाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा अधिकार येत नाही. हा निकाल सेक्युलर विद्वानांच्या व्याख्यानांत क्वचितच ऐकू येतो.

आपल्या घरोघरीची मुले आज परदेशात आहेत. दुबईच्या रुग्णालयात काम करणारी मराठी परिचारिका खोलीत गणपतीची तसबीर ठेवते, संकष्टी धरते आणि कामावर गेली की रुग्णाला त्याचा देव विचारत नाही. येथे येणाऱ्याकडून आम्ही याहून अधिक काय मागतो? त्याने गळ्यात क्रूस घालावा, रविवारी उपासना करावी; ते त्याचे घर. जो असा राहील त्याला हाकलण्याची भाषा आपल्या तोंडी शोभत नाही.

पण मग आपणही हिशेब द्यावा लागेल. ३० जुलै २०१४ रोजी माळीणवर डोंगर कोसळला, दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली आणि मदतीचा ओघ लागला. तो ओसरल्यावर त्या पट्ट्यात नियमाने कोण जात राहिले? दिवाळीत घोंगड्या वाटून, फलकासह छायाचित्र काढून संध्याकाळी पुण्यास परतणे याला आपणही सेवाच म्हणतो. १९५४ च्या सुमारास एल्विन ईशान्येकडे गेला. हिवाळे मात्र मंडल्यातील पाटणगढलाच राहिले. आपल्या शाखेच्या यादीत डॉक्टर किती आहेत, ते मोजावे. आणि त्यांपैकी आहुप्याला महिन्यातला एक रविवार देणारे किती, तेही येत्या बैठकीत विचारावे.